पांढरा देवमासा : समुद्रांतील आणि हौदांतील

मनुष्याची जिज्ञासा ही मोठी विलक्षण वस्तु आहे. जें दूर आहे तें पाहावें, जें अपरिचित आहे तें जाणावें, ही इच्छा लहानांत असते तशीच थोरांतहि असते. आणि ती नसती तर विद्येची वाढ झाली नसती. परंतु जेथें जाऊन पाहणें कठीण, तेथील वस्तूच उचलून आपल्या दारीं आणावी, असा एक सोपा मार्ग या जिज्ञासेनें फार पूर्वीं शोधून काढला. शंख, शिंपले, खनिजें, वाळविलेलीं पानें यांच्या बाबतींत त्यानें फारसें बिघडत नाहीं. जिवंत प्राण्याच्या बाबतींत मात्र दोन प्रश्न उभे राहतात. पहिला असा कीं, आणलेला प्राणी आणि आपण पाहूं इच्छीत होतों तो प्राणी हे दोन्ही एकच आहेत काय? दुसरा असा कीं, आणणें जितकें सोपें, तितकेंच परत नेऊन सोडणें सोपें आहे काय? उत्तर ध्रुवाकडील समुद्रांत राहणारा बेलुगा नांवाचा पांढरा देवमासा या दोन्ही प्रश्नांचीं उत्तरें फार स्पष्टपणें देतो; म्हणून त्याची हकीकत आमच्या विद्यार्थी वाचकांपुढें व त्यांच्या पालकांपुढें मांडण्याचें योजिलें आहे.

हा विषय दूरचा वाटण्याचा संभव आहे. भारतांत बेलुगा कोठेंहि पाळलेला नाहीं, आणि आपल्या उष्ण समुद्रांत तो येतहि नाहीं. तरीपण आपल्यापैकीं कित्येकांचे वडील भाऊ, काका, मामा अमेरिकेंत नोकरीस आहेत. सुटींत त्यांच्याकडे गेलेलीं मुलें व आजी-आजोबा शिकागो किंवा अटलांटा येथील मोठ्या मत्स्यालयांत हौसेनें जातात. जाड कांचेपलीकडे तो शुभ्र प्राणी मान वळवून आपणांकडे पाहतांना दिसला म्हणजे आनंदित होतात, व तीं चित्रें घरीं पाठवितात. त्या आनंदांत वाईट असें कांहीं नाहीं. परंतु जो तिकीट काढतो, तो त्या व्यवस्थेचा अंशतः पोशिंदाहि होतो. म्हणून ती व्यवस्था काय आहे हें जाणून घेणें त्याचें कर्तव्य ठरतें.

प्रथम या प्राण्याची ओळख करून घेऊं. देवमासा या नांवांत मासा हा शब्द असला तरी तो मासा नव्हे; तो उष्ण रक्ताचा असून फुप्फुसांनीं श्वास घेतो, आणि मादी पिलास दूध पाजते. बेलुगा हें नांव रशियन भाषेंतील ‘पांढरा’ या अर्थाच्या शब्दावरून पडलें आहे. पिलूं जन्मतां करड्या रंगाचें असतें, आणि वयांत येतां येतां त्याचा रंग बर्फासारखा शुभ्र होतो. पूर्ण वाढ झालेला नर चार-पांच मीटर लांब भरतो, व त्याचें वजन दीड हजार किलोपर्यंत जातें. त्याच्या पाठीवर इतर बहुतेक देवमाशांप्रमाणें उभा पर नसतो. ही उणीव नसून सोय आहे, कारण बर्फाच्या छपराखालून पोहतांना असा पर अडथळाच झाला असता. मानेचे सातहि मणके सुटे असल्यामुळें त्याला मान डावी-उजवीकडे वळवितां येते. बहुतेक देवमाशांस ती शक्ति नाहीं. कातडीखालीं चरबीचा जाड थर असतो, आणि तोंडाची ठेवण अशी असते कीं, तो सदोदित हंसत आहे असें पाहणाऱ्यास वाटावें. हें शेवटचें लक्षण वाचकांनीं विशेष ध्यानांत ठेवावें. पुढें त्याचें काम पडणार आहे.

या प्राण्याचें घर म्हणजे अलास्का, कॅनडा, ग्रीनलंड व रशिया यांच्या किनाऱ्यांस लागून असलेला थंड समुद्र. हिवाळ्यांत तो बर्फाच्या भेगांच्या आश्रयानें राहतो, आणि उन्हाळा येतांच मोठमोठे कळप करून नद्यांच्या मुखांकडे येतो. कॅनडांतील हडसन उपसागराला मिळणाऱ्या चर्चिल नदींत जुलै-ऑगस्ट महिन्यांत जो देखावा दिसतो, त्याची कल्पना हौदापाशीं उभें राहून येणें शक्य नाहीं. दृष्टि पोंचेल तेथवर पांढऱ्या पाठी पाण्यावर येतात व पुन्हां बुडतात. आयांच्या कुशीला करडीं पिलें चिकटलेलीं असतात. पश्चिम हडसन उपसागराच्या या एका समूहांतच ५०,००० हून अधिक बेलुगा असावेत असा अंदाज आहे. साऱ्या जगांत त्यांची संख्या सुमारें २,००,००० धरतात. नदीमुखाचें पाणी समुद्रापेक्षां उबदार असतें. तेथें त्यांची जुनी, पिवळसर पडलेली कातडी सुटते, आणि तळच्या वाळूगोट्यांवर अंगें घासून ते नवी कांति घेऊन बाहेर पडतात. उन्हाळा सरला कीं परतीचा प्रवास सुरू होतो. ब्यूफोर्ट समुद्रांतील कळप हिवाळ्यासाठीं बेरिंग समुद्रापर्यंत हजारों किलोमीटर अंतर तोडून जातात. अन्नाच्या शोधांत हे प्राणी ८०० मीटरहून अधिक खोल बुडी मारतात, अशाहि नोंदी आहेत.

परंतु बेलुगाचें खरें वैशिष्ट्य त्याच्या रंगांत नाहीं, आवाजांत आहे. शिट्ट्या, चिवचिवाट, कुरकुर, टाळी वाजविल्यासारखे ध्वनि असे नानाविध आवाज तो काढतो. जुन्या काळच्या खलाशांना ते जहाजाच्या लांकडी तळांतून ऐकूं येत, म्हणून त्यांनीं त्याला ‘समुद्रांतील कॅनरी’ असें नांव ठेवलें. कॅनरी हा गोड गळ्याचा पक्षी लोक पिंजऱ्यांत पाळतात. पुढें या देवमाशाच्या वांट्यासहि तेंच आलें. हा आवाज केवळ करमणुकीसाठीं नसतो. ध्रुवाकडील रात्र महिनेच्या महिने टिकते, बर्फाखालीं काळोख असतो, नदीमुखाचें पाणी गढूळ असतें. तेथें डोळ्यांचा उपयोग थोडा. म्हणून बेलुगा आपल्या कपाळावरील मऊ चरबीच्या उंचवट्यांतून ध्वनीचे सूक्ष्म ठोके सोडतो, व त्यांचा प्रतिध्वनि ऐकून मासा कोठें, तळ किती खोल, श्वास घेण्यास बर्फांत फट कोठें, हें ओळखतो. सारांश, आपण जसें डोळ्यांनीं जग पाहतों, तसें तो कानांनीं पाहतो.

त्याच्या कुटुंबव्यवस्थेकडेहि लक्ष देण्यासारखें आहे. मादी सुमारें चौदा-पंधरा महिने गर्भ वाहते, पिलास दोन वर्षेंपर्यंत दूध पाजते, आणि साधारणतः तीन वर्षांनीं एकदां व्यालेली असते. कोणत्या ऋतूंत कोणत्या वाटेनें कोणत्या नदीस जावयाचें हें पिलूं आईच्या संगतींत शिकतें. आनुवंशिक तपासणीवरून असें दिसून आलें आहे कीं, एकाच वंशाचे बेलुगा पिढ्यान्‌पिढ्या त्याच त्या ठिकाणीं परत येतात. त्यांचें आयुष्य ७० वर्षांहूनहि अधिक असूं शकतें. २०१८ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत असें आढळलें कीं, मनुष्यजातीप्रमाणें बेलुगाच्या माद्याहि पिलें होण्याचें वय उलटून गेल्यावर पुष्कळ वर्षें जगतात; प्राणिसृष्टींत ही गोष्ट फार दुर्मिळ आहे. अशा वृद्ध माद्यांचा अनुभव कळपाच्या उपयोगी पडत असावा, असा तर्क शास्त्रज्ञ करितात. ज्या घरांत आजी आहे, त्या घरांतील मुलांस हा तर्क समजावून सांगण्याची गरज नाहीं.

समुद्र म्हणजे त्यांचा स्वर्ग आहे, असें मात्र कोणीं समजूं नये. इन्युइट लोक अन्नासाठीं पिढ्यान्‌पिढ्या बेलुगाची शिकार करीत आले आहेत. परंतु कळपांचे कळप नष्ट होण्यास कारण झाली ती व्यापारी शिकार. कॅनडांतील सेंट लॉरेन्स नदीच्या मुखांत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुमारें १०,००० बेलुगा असावेत. ते कोळ्यांचे मासे खाऊन टाकतात अशा समजुतीनें क्यूबेक प्रांताच्या सरकारनें १९३० च्या सुमारास त्यांना मारणारास बक्षीस लावलें. विमानांतून त्यांच्यावर बाँबहि टाकण्यांत आले. पुढें तपासणीअंतीं तो समज खोटा ठरला. १९७९ सालीं तेथें शिकारीस बंदी झाली. तथापि कारखान्यांतील विषारी द्रव्यें, जहाजांचा गोंगाट व इतर कारणें यांमुळें २०२२ सालच्या मोजणींत त्यांची संख्या सुमारें १,८५० च भरली. अलास्कांतील कुक इनलेट नांवाच्या खाडींत १९७९ सालीं सुमारें १,३०० बेलुगा होते. २०२२ सालीं ते सुमारें ३३० उरले होते. हीं दुःखें खरीं आहेत, आणि मत्स्यालयांचे कैवारी त्यांचा दाखला देतात तो अगदींच निराधार नव्हे.

आतां हौदाचा इतिहास पाहूं. १८६१ सालीं न्यूयॉर्क येथील प्रसिद्ध तमासगीर पी. टी. बार्नम यानें सेंट लॉरेन्स नदींत दोन बेलुगा पकडवून ते आगगाडीनें आणविले, व आपल्या संग्रहालयांत लोकांस दाखविले. दोन्ही प्राणी कांहीं दिवसांतच मेले. तेव्हां त्यानें आणखी आणविले. १८६५ सालीं त्या संग्रहालयास आग लागली, तींत तेथील बेलुगाहि प्राणांस मुकले. १८७७ सालीं लंडन येथें आणलेला एक बेलुगाहि कांहीं दिवसांपेक्षां अधिक जगला नाहीं. त्यानंतर विद्या वाढली, पाणी स्वच्छ व थंड राखण्याचीं यंत्रें आलीं, पशुवैद्य आले, आणि हौदांतील बेलुगा वर्षानुवर्षें जगूं लागले. कांहीं ठिकाणीं पिलेंहि झालीं. बार्नमच्या तळघराची व आजच्या मत्स्यालयाची बरोबरी करणें अन्यायाचें होईल. परंतु मूळ कल्पना बदललेली नाहीं. प्राणी लोकांकडे आणावा व लोकांनीं पैसे देऊन तो पाहावा, हीच ती कल्पना होय.

मत्स्यालयांच्या बाजूनें तीन गोष्टी सांगण्यांत येतात. पहिली अशी कीं, जें मूल हा प्राणी प्रत्यक्ष पाहतें, त्याच्या मनांत त्याविषयीं प्रेम उत्पन्न होतें. दुसरी अशी कीं, हौदांतील प्राण्यांपासून शास्त्राला ज्ञान मिळतें. तिसरी अशी कीं, समुद्र आतां सुरक्षित उरला नसल्यामुळें हौद हाच त्यांचा आसरा आहे. तिन्हींचा विचार क्रमानें करूं.

पहिल्या मुद्द्याच्या संबंधानें वाचकांनीं वर सांगितलेलें तें हंसरें तोंड आठवावें. कांचेपलीकडचा बेलुगा आजारी असला तरी हंसतांना दिसतो, भुकेला असला तरी हंसतांना दिसतो, कारण तें हास्य नसून जबड्याची ठेवण आहे. मूल घरीं येऊन सांगतें, ‘तो किती आनंदांत होता!’ म्हणजे प्राणी पाहून त्याला जें ज्ञान झालें, तें चुकीचें झालें. बेलुगाचें जें खरें बेलुगापण आहे, त्यापैकीं हौदांत काय दिसतें? दहा मीटर खोल हौद मोठा समजावा, तर हा प्राणी त्याच्या ऐंशी पट खोल जाणारा. हौदांत पांच-सात सोबती, तर नदीमुखांत हजारोंचा मेळा. तेथें ध्वनीचा ठोका सोडावा तों तो लगेच भिंतीवर आदळून परत येणार. ज्या शक्तीच्या बळावर त्यानें काळोख्या समुद्रांत वाट काढावी, त्या शक्तीस रोज तीच चार भिंतींची वार्ता. आईनें दाखविलेली वाट नाहीं, ऋतु बदलल्याची खूण नाहीं, शोधून मिळवावयाचें अन्न नाहीं. राहतें तें एक सुंदर, पांढरें शरीर. पहिल्या प्रश्नाचें उत्तर येथें मिळतें: जो प्राणी पाहण्याची आपली इच्छा होती, तो कांचेपलीकडे नसतो.

दुसरा मुद्दा अधिक वजनाचा आहे, व तो प्रामाणिकपणें मान्य केला पाहिजे. बेलुगाची श्रवणशक्ति, त्याचा गर्भकाळ, त्याचे रोग यांविषयीं पुष्कळ माहिती हौदांतील प्राण्यांपासून मिळाली. याचें एक प्रसिद्ध उदाहरण असें: १९७७ सालीं कॅनडाच्या समुद्रांत पकडलेला नोसी नांवाचा बेलुगा अमेरिकेंतील सॅन डिएगो येथें आरमाराच्या कामासाठीं ठेविला होता. १९८४ च्या सुमारास त्याच्या हौदाजवळ दोन माणसें बोलत असल्यासारखा आवाज येऊं लागला. एकदां एक पाणबुड्या पाण्याबाहेर येऊन विचारूं लागला कीं, ‘मला बाहेर या असें कोणीं सांगितलें?’ कोणींच सांगितलें नव्हतें. तो आवाज नोसीचा होता. त्याच्या नेहमींच्या स्वरापेक्षां कित्येक सप्तकें खालीं उतरून, नाकपुडीच्या पिशव्या अतोनात फुगवून, तो मनुष्याच्या बोलण्याची नक्कल करीत होता. या निरीक्षणाचा शास्त्रीय वृत्तांत २०१२ सालीं प्रसिद्ध झाला. शोध अद्भुत खरा. परंतु त्यापासून काय बोध घ्यावा? जो प्राणी परक्या जातीचा स्वर ऐकून, आपला गळा ताणून त्याचें अनुकरण करूं शकतो, त्याची बुद्धि व सोबतीची भूक किती मोठी असली पाहिजे! हौदानें दिलेलें हें ज्ञानच हौदाविरुद्ध साक्ष देतें. शिवाय आज शास्त्राजवळ दुसरीं साधनें आहेत. पाठीवर बसविलेलें लहानसें यंत्र उपग्रहामार्फत प्रवासाची नोंद देतें. पाण्याखालील ध्वनियंत्रें त्यांचें बोलणें टिपतात. कातडीच्या कणभर तुकड्यावरून नात्यागोत्याचा पत्ता लागतो. त्यांचे प्रवास, त्यांचे वंश, वृद्ध माद्यांचें स्थान, हें सारें ज्ञान हौदाच्या कांठीं बसून मिळण्यासारखें नव्हतें. त्यासाठीं समुद्राकडेच जावें लागलें.

तिसरा मुद्दा आसऱ्याचा. आसरा म्हणावयाचें तर तेथें राखलेला प्राणी किंवा त्याची संतति एक दिवस समुद्रास परत देतां आली पाहिजे. हौदांत वाढलेल्या बेलुगांनीं समुद्रांतील एखादा घटता कळप पुन्हां भरून काढला, असें अद्याप एकदांहि घडलेलें नाहीं. आणि हौदांतहि मृत्यु चुकत नाहीं. व्हँकूव्हर येथील मत्स्यालयांत १९९५ सालीं जन्मलेली किला ही मादी, कॅनडांतील मत्स्यालयांत गर्भ राहून जन्मलेलें पहिलें बेलुगाचें पिलूं होती. नोव्हेंबर २०१६ मध्यें ती व तिची आई ऑरोरा नऊ दिवसांच्या अंतरानें मरण पावल्या. पुष्कळ तपास करूनहि ज्या विषानें त्या दगावल्या त्याचें मूळ सांपडलें नाहीं. निगा राखणारांनीं कसूर केली असें येथें सुचवावयाचें नाहीं. सांगावयाचें तें इतकेंच कीं, ‘येथें तरी ते सुरक्षित आहेत’ हें वाक्य जितक्या सहज बोललें जातें, तितकें तें खरें नाहीं. समुद्रांतील दुःखावर खरा उपाय समुद्रांतच करावा लागतो. सेंट लॉरेन्समध्यें संरक्षित सागरी उद्यान स्थापिलें गेलें, आणि तेथें नौकांनीं बेलुगांपासून ४०० मीटर दूर राहावें असा नियम झाला. हा त्या मार्गाचा उपाय होय.

सुदैवानें जगाचें मत हळूहळू पालटत आहे. अटलांटा येथील मत्स्यालयानें रशियाच्या ओखोट्स्क समुद्रांत पकडलेले अठरा बेलुगा आणण्याची परवानगी मागितली, ती अमेरिकन सरकारच्या खात्यानें २०१३ सालीं नाकारली. त्या अठरांपैकीं पांच पकडतेवेळीं अवघे दीड वर्षाचे असून कदाचित् अद्याप आईच्या दुधावर असावेत, हें नकाराचें एक कारण होतें. २०१५ सालीं न्यायालयानेंहि तो निर्णय कायम केला. त्याच २०१३ सालीं भारताच्या केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणानें डॉल्फिन, देवमासे यांचे करमणुकीचे हौद उघडण्यास परवानगी देऊं नये असें राज्यांस कळविलें. मुंबईसारख्या शहरांत असे हौद काढण्याचे मनसुबे चालले होते, ते त्यामुळें थांबले. २०१९ सालीं कॅनडाच्या कायदेमंडळानें देवमासे व डॉल्फिन करमणुकीसाठीं नव्यानें बंदींत ठेवणें व त्यांची पैदास करणें हा गुन्हा ठरविला. ज्या नदींतून बार्नमनें पहिले बेलुगा उचलले, त्याच देशाचा हा कायदा, हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे.

येथें दुसरा प्रश्न येतो, आणि तो पहिल्याहून अवघड आहे. नवे आणूं नयेत हें ठरलें. परंतु जे आणले गेले त्यांचें काय? दार उघडून त्यांना समुद्रांत सोडून द्यावें, असें भोळें उत्तर पुष्कळांस सुचतें. अनुभव निराळा आहे. एप्रिल २०१९ मध्यें नॉर्वेच्या उत्तर किनाऱ्याजवळ कोळ्यांना एक बेलुगा आढळला. त्याच्या अंगावर पट्टा आवळलेला होता, व त्यावर सेंट पीटर्सबर्ग शहराचें नांव होतें. तो माणसाळलेला होता. माणसें दिसलीं कीं तो जवळ येई. लोकांनीं पट्टा काढला, त्याला ‘व्हाल्दिमिर’ असें नांव ठेविलें, आणि तो पांच वर्षें त्या किनाऱ्यानें एकटाच बंदरोबंदर, नौकांच्या व मासळीच्या पिंजऱ्यांच्या भोंवतीं फिरत राहिला. २०२४ च्या ऑगस्टअखेर तो मेलेला आढळला. तोंडांत एक काठी अडकली होती, व जखमेंतून झालेल्या जंतुसंसर्गानें तो दगावला असावा असें तपासणींत ठरलें. रशियाच्या पूर्व टोंकास नाखोडका शहराजवळ २०१८ सालीं सुमारें ९० बेलुगा व अकरा ओर्का विक्रीसाठीं लहान लहान कोंडवाड्यांत डांबलेले उघडकीस आले. जगभर ओरड झाल्यावर २०१९ सालीं त्यांना सोडण्यांत आलें; पण शेवटच्या बेलुगांस त्यांच्या मूळ समुद्रापासून फार दूर सोडावें लागलें.

आइसलंडांतील उदाहरण अधिक काळजीपूर्वक केलेल्या प्रयत्नाचें आहे. शांघाय येथील हौदांत खेळ करून दाखविणाऱ्या ‘लिटल व्हाइट’ व ‘लिटल ग्रे’ या दोन माद्या जून २०१९ मध्यें विमानानें हजारों किलोमीटर दूर आइसलंडच्या हेमाई बेटावर नेण्यांत आल्या. तेथें क्लेट्सविक नांवाच्या उपसागराचें तोंड जाळ्यानें बंद करून त्यांच्यासाठीं निवारा तयार केला होता. खर्च अमाप झाला, तज्ज्ञांची सेवा होती, हेतु शुद्ध होता. ऑगस्ट २०२० मध्यें त्यांस प्रथम उपसागरांत उतरविलें. परंतु वर्षानुवर्षें स्थिर पाण्याची संवय झालेल्या त्या जिवांस मोकळ्या पाण्यांत रुळणें जड गेलें, व त्यांना पुन्हां आंतल्या हौदांत आणावें लागलें. कांहीं तासांत जाळें टाकून जें काम होतें, तें उलटविण्यास वर्षें लागतात, आणि तरीहि यशाची खात्री नसते.

कॅनडांतील नायगारा धबधब्याजवळच्या मरीनलँड या उद्यानाची गोष्ट तर अधिक कष्टदायक आहे. २०२५ सालीं तेथें तीस बेलुगा उरले होते. २०१९ पासून तेथें वीस देवमासे मेल्याची नोंद वर्तमानपत्रांनीं प्रसिद्ध केली होती. मालकांनीं उरलेले सर्व चीनमधील एका करमणूक-उद्यानास पाठविण्याची परवानगी मागितली. तेथेंहि त्यांचा खेळच होणार, म्हणून कॅनडाच्या मंत्र्यांनीं ती ऑक्टोबर २०२५ मध्यें नाकारली. तेव्हां पैसा संपल्यामुळें त्यांना औषधानें मारून टाकावें लागेल, अशी भाषा मालकांकडून निघाली. ज्यांच्या नांवावर कित्येक वर्षें तिकिटें विकलीं, तेच प्राणी असे एके दिवशीं ओझें झाले.

आमच्या मतें या साऱ्या हकीकतींतून निघणारा सिद्धांत एकच आहे. जिवंत प्राणी त्याच्या घरांतून उचलणारा मनुष्य त्याचा मालक होत नाहीं, तर ऋणको होतो. आणि तें ऋण त्या प्राण्याच्या शेवटच्या श्वासापर्यंत फिटत नाहीं. म्हणून नवे बेलुगा पकडणें बंद व्हावें, हौदांत पैदास करणें बंद व्हावें. परंतु जे आज हौदांत आहेत त्यांना सोडून दिल्याचा आव आणून कोणीं मोकळें होऊं नये. ज्यांनीं त्यांच्यावर पैसा मिळविला, त्यांनीं व त्यांच्या सरकारांनीं त्यांस चांगलें पाणी, चांगलें अन्न, सोबत व वैद्य पुरवावे. जेथें शक्य तेथें सागरी निवारे बांधावे. आणि ही पिढी सन्मानानें संपूं द्यावी. जो व्यवहार आपल्याला परत फिरवितां येत नाहीं, तो आरंभीं करूं नये, हें आपल्या वडीलधाऱ्यांनीं घरच्या लहानसहान गोष्टींत शिकविलेंच आहे. तोच नियम येथें लागू पडतो.

पालकांस आमची एक विनंति आहे. परदेशीं गेल्यावर असें मत्स्यालय पाहण्याचा प्रसंग आला, तर मुलांस तेथें दोन प्रश्न विचारावयास शिकवावें: ‘हा प्राणी कोठून आला?’ आणि ‘हें मत्स्यालय बंद पडलें तर याचें काय होईल?’ सरळ उत्तर मिळालें तर ज्ञान वाढेल. उत्तर टाळलें गेलें तर त्यांतूनहि बोध होईल. आणि विद्यार्थ्यांनीं असें समजूं नये कीं, कांच नसेल तर बेलुगा पाहतां येणार नाहीं. उन्हाळ्यांत चर्चिल नदींतील एका बोटीखालीं लावलेले कॅमेरे व ध्वनियंत्र तेथील बेलुगांचीं चित्रें व आवाज जगभर पाठवितात. आपल्या शाळेंतील संगणकावर तीं फुकट पाहतां व ऐकतां येतात. क्यूबेकमधील सागने नदीच्या कांठीं, बे सेंत मार्गरित येथें, उंच किनाऱ्यावरून लोक तासन्‌तास वाट पाहतात, आणि बेलुगा आपल्या मर्जीनें येतात किंवा येत नाहींत. आपल्या कोंकणच्या किनाऱ्यावर मालवण, दापोलीकडे ज्यांनीं समुद्रांत डॉल्फिनची वाट पाहिली असेल, त्यांना या वाट पाहण्यांतील गोडी ठाऊक आहे.

चर्चिल नदींतील त्या बोटीखालचें पाणी पुष्कळदां हिरवट व गढूळ असतें. बराच वेळ कांहीं दिसत नाहीं. केवळ शिट्ट्या व चिवचिवाट ऐकूं येतो. मग एक पांढरी आकृति येते, तिच्या बाजूस एक लहान करडी आकृति असते, आणि दोन्ही निघून जातात. इतकेंच दिसतें, परंतु जें दिसतें तें खरें असतें.